घोट्याएवढा समुद्र

निळ्या खेकड्याने त्या साली जाळी खाल्ली. नुसती फाडली नाहीत, गाठीसकट कुरतडली. करकेनाच्या बेटांवर हा खेकडा कुठून आला हे ठरवायला मासेमारी खात्याने शहरात एक परिषद भरवली. परिषदेत जेवायला खेकडाच होता, आणि परिषद यशस्वी झाली. औलाद झीन गावच्या लोकांनी जाळी गुंडाळून छपरावर फेकली. ज्यांच्याकडे शरफिया होती तेवढ्यांच्याच घरी चूल पेटण्याची आशा उरली.

शरफिया म्हणजे समुद्रातलं कुंपण. खजुराच्या झावळ्या तळाच्या मातीत एकीला लागून एक अशा रोवत न्यायच्या. ओहोटीबरोबर खोल पाण्याकडे निघालेला मासा ह्या भिंतीला नाक लावून कडेकडेने चालत राहतो. भिंत संपते तिथे झावळ्यांचीच एक खोली, आणि खोलीच्या कोपऱ्यात टोपली. वळून मागे जावं हे माशाला सुचत नाही. ह्या बाबतीत तो गावावर गेला आहे.

मेहरेजच्या घरची शरफिया ‘बाब’ नावाच्या जागेवर होती. बाब म्हणजे दार. तिथे तळाला एक घळ होती आणि उथळातला सगळा मासा ओहोटीला त्या घळीतूनच बाहेर पडायचा. बेटावर समुद्राचा असा तुकडा शेतासारखा बापाकडून पोराकडे येतो. त्यावरून भाऊ भावाशी बोलणं टाकतो, त्यावरून लग्नं जमतात. मेहरेजची बायको शादलिया तर सरळ सांगायची, की तिच्या बापाने तिला बाबला दिली. मेहरेजला बघितलं नंतर, आणि तोवर जेवणं उरकली होती.

उन्हाळ्यात झावळ्या काढून टाकायच्या, मासा वाढू द्यायचा, ऊन उतरलं की नव्या रोवायच्या, ही रीत. त्या दिवशी मेहरेज अंगणात झावळ्यांची पाती एका बाजूने तासत होता. शादलिया तासलेल्या झावळ्यांचे भारे बांधत होती. तेव्हा उमदा आला. उमदा हे त्याच्या पदाचं नाव होतं, गुणाचं नव्हे. सरकारने गावाला काही कळवायचं असलं की ते उमद्याला कळवायचं, आणि उमदा ते अर्धं विसरून गावाला कळवायचा.

“मेहरेज, पाहणी आहे,” उमदा म्हणाला. “समिती येणार. जी शरफिया वापरात दिसणार नाही, ती मालकाने सोडून दिली असं धरणार. तेवढा समुद्र विरंगुळा क्षेत्रात जाणार.”

“कसल्या क्षेत्रात?”

“विरंगुळा. शहरातून गळ घेऊन येतात ना, टोप्या घालून, त्या हौशी लोकांसाठी.”

“समिती कधी येणार?”

“हंगाम उघडायच्या आधी.”

“आणि झावळ्या रोवायच्या कधी?”

“हंगाम उघडल्यावर. आधी समुद्रात रोवल्या तर जप्ती.”

मेहरेजने कोयता खाली ठेवला. “मग वापरात दिसणार कशी?”

“ते मला काय विचारतोस? मी आपला निरोप्या.” उमद्याने अंगणात सावली कुठे आहे ते बघितलं आणि बसायची तयारी केली.

“निरोप्याला चहा लागतो का?” शादलियाने विचारलं.

“दिलास तर नाही कसं म्हणू—”

“निरोप पोचला. या आता.”

दुसऱ्या दिवशी मेहरेज मासेमारी खात्याच्या कचेरीत गेला. तिथे पाहणी अधिकारी लसाद बसत; सगळे त्यांना मानाने ‘सी’ लसाद म्हणत. खोली थंड होती आणि खिडकीपाशी काचेच्या पेटीत दोन सोनेरी मासे फिरत होते. खात्याच्या देखरेखीखाली वाढलेले तेवढेच मासे. टेबलापलीकडे आणखी एक गृहस्थ पाय पसरून बसले होते. दातांचे डॉक्टर झुहैर, शहरातल्या हौशी गळकऱ्यांच्या क्लबाचे अध्यक्ष. त्यांच्या बनियनवर मासा, टोपीवर मासा आणि घड्याळाच्या तबकडीतही मासा होता.

मेहरेजने आपलं म्हणणं सांगितलं. सी लसादनी ते डोळे मिटून ऐकलं.

“दोन्ही नियम बरोबर आहेत,” ते म्हणाले. “एक संवर्धन विभागाचा आहे, एक नियोजन विभागाचा.”

“पण साहेब, दोन्ही मलाच लागू आहेत.”

“म्हणजे तू दोन्ही विभागांत मोडतोस. चांगलं आहे.”

डॉक्टर झुहैर हसले. ते हसले की दुसऱ्यांच्या दातांकडे बघत. “काका, आम्ही तुमचे शत्रू नाही हो. आम्ही मासे पकडतो आणि सोडून देतो.”

“सोडून देता?”

“फोटो काढतो आणि सोडतो. निसर्गप्रेम.”

“मग पकडता कशाला?”

डॉक्टरांनी सी लसादकडे बघितलं. सी लसादनी काचेच्या पेटीकडे बघितलं. मेहरेजला वाटलं आपल्या तोंडून काही वाईट गेलं. तो उठला, तिघांनाही सलाम केला, त्यात चुकून माशांच्या पेटीलाही केला, आणि बाहेर पडला.

घरी त्याचा मुलगा अन्वर भिंतीला टेकून फोन बघत होता. हा मुलगा शहरातल्या बंदरात दोन वर्षं राहून आला होता. तिथे त्याने कोणतं काम केलं ते कुणाला कळलं नाही, पण कामं कशी होतात ते आपल्याला कळलं असं तो म्हणायचा.

“बा, तू फार सरळ विचार करतोस,” अन्वर म्हणाला. “समिती बाबपर्यंत जाणार का? होडीत बसणार का? सी लसादला फेरीबोटीतसुद्धा ओकारी येते. मागच्या साली त्यांनी बंदराच्या भिंतीवरून दुर्बिणीने पाहणी केली आणि जेवून गेले.”

“मग?”

“मग शरफिया समितीकडे आणायची. बायका शिंपल्यातल्या तिसऱ्या काढतात ना, त्या चिखलात रोव. ओहोटीला तिथे कोरडं पडतं. खातं त्याला समुद्र मानत नाही, म्हणजे जप्ती नाही. समिती काठावरूनच बघेल, ‘वापरात आहे’ लिहील, जाईल. हंगाम उघडला की झावळ्या उपटायच्या, बाबवर न्यायच्या.”

 मेहरेजच्या आयुष्यात पहिल्यांदाच सरकारला फसवायची सोय झाली होती आणि ती घरच्या घरी झाली होती.

“चिखलात शरफिया?” शादलिया म्हणाली. “लोक काय म्हणतील?”

“लोकांना काय कळतंय, आई!”

“ह्यातलं तेवढंच लोकांना कळतं,” शादलिया म्हणाली.

पण झावळ्या गाडीवर चढल्या. त्या दिवसांत वाळवंटाकडून शहिली वाहत होता. हा वारा लागला की ओठ फुटतात, गाढवं उभ्या जागी खाली बसतात आणि माणसं भांडतात. बापलेक ओहोटीला चिखलात उतरले. मेहरेज पहारीने भोक पाडायचा, झावळीचा बुडखा त्यात खुपसायचा, पायाने माती दाबायचा, पुढे सरकायचा. मागून अन्वर हल्फा गवताची दोरी ओवत यायचा आणि मध्येच फोन बघायचा. मिठाने मेहरेजच्या टाचांना चिरा पडल्या. कंबर अशी धरली की पाणी प्यायला मान वर करता येईना. तो वाकलेलाच राहून, अन्वरने बाटली तोंडाला लावली तसा, वासरासारखा प्यायला.

देखाव्यापुरतं काम, पण ते देखाव्यापुरतं करणं त्याला जमेना. भिंत कुठे वाकवायची, खोलीचं तोंड केवढं ठेवायचं, हे तो मागे जाऊन डोळे बारीक करून बघायचा आणि रोवलेल्या झावळ्या पुन्हा उपटून नीट लावायचा. मासा म्हणून जिथे कधी आलाच नव्हता, तिथे तो माशाची वाट अडवत होता.

त्या चिखलात गावच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या तिसऱ्या काढत. नवऱ्याचा जुना कोट, पायांत रबरी बूट, तोंडाला फडकं गुंडाळलेलं, वर गवती टोपी. नुसते डोळे दिसायचे. विळ्याच्या टोकाने चिखल उकरायचा, तिसरी बोटाने उपटायची, बादलीत टाकायची. ह्या कामाला खात्याने अजून नाव दिलं नव्हतं, म्हणून ते सुरळीत चाललं होतं. शादलियाही त्यांच्यातच होती. त्या सगळ्यांत जिभेची तिखट म्हणजे मनूबिया नावाची विधवा. तिच्या मयत नवऱ्याबद्दल गावात म्हणायचे, की तो बुडाला नाही, सुटला.

“काय मेहरेज,” मनूबिया कंबरेवर हात ठेवून म्हणाली, “चिमण्या धरणार का?”

“पाहणी आहे.”

“कसली? तुझ्या डोक्याची?”

बायका हसल्या. हसण्यात शादलियाचाही आवाज होता. मेहरेजने तो ओळखला आणि पहार जास्त जोराने मारली.

“हसा, हसा,” अन्वर म्हणाला. “नंतर कळेल.”

“तुझ्यासारख्या लेकरांमुळेच मी बाई वांझ राहिले,” मनूबिया म्हणाली. “देवाने दाखवलं होतं मला आधीच.”

समिती आली ती ओहोटीच्या वेळी, कारण भरतीला बुटांचा प्रश्न आला असता. सी लसाद, डॉक्टर झुहैर, उमदा आणि जागा दाखवणारं यंत्र असे चौघे होते, आणि चौघांत यंत्र कमी बोलत होतं. डॉक्टर झुहैर समितीत ‘समुद्र वापरणाऱ्यांचे प्रतिनिधी’ म्हणून होते. उमद्याने प्लॅस्टिकची खुर्ची आणवली. खुर्ची वाळूत रुतली, सी लसाद तिच्यासकट तिरपे झाले, आणि त्याच कोनात राहून त्यांनी पाहणी सुरू केली.

“ही तुझी शरफिया?”

“होय साहेब.”

“हीच?”

मेहरेजने अन्वरकडे बघितलं. अन्वरने मान हलवली.

“हीच.”

“छान आहे की! आम्ही ऐकलं होतं, ह्या गावात कुणी झावळ्या लावत नाही म्हणून. जागेचं नाव?”

“बाब,” मेहरेज म्हणाला. त्याला दुसरं नाव माहीतच नव्हतं.

“म्हणजे हे बाब.”

“होय.”

“नकाशावर बाब कुठेच नाही, म्हणून विचारलं. आता टाकतो.” सी लसादनी यंत्र उमद्याच्या हातात दिलं. “जा रे, मध्ये उभा राहून बटण दाब.”

उमदा विजार वर करून चिखलात गेला, झावळ्यांच्या खोलीत उभा राहिला आणि बटण दाबलं. यंत्र एकदा वाजलं.

डॉक्टर झुहैर शरफियाची लांबी डोळ्यांनी मोजत होते. समुद्रावर ते बरीच वर्षं येत होते. बाब कुठे आहे हे त्यांना मेहरेजइतकंच माहीत होतं. तिथे गळ टाकायला मिळावा म्हणून त्यांनी तीन अर्ज केले होते. ते फार प्रेमाने हसले. “परंपरा जपली पाहिजे, सी लसाद. ह्या काकांची शरफिया इथेच राहिली पाहिजे. बरोबर इथेच. माझी तशी खास शिफारस लिहा.”

“अल्ला तुमचं भलं करो,” मेहरेज म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले.

मग जेवण झालं. घरात मासा नव्हता. शेजाऱ्याच्या दारात जाऊन शादलियाने मासा मागून आणला होता. तिने कुसकुस रांधला. सी लसादनी माशाचं डोकं मागून घेतलं. डॉक्टर झुहैरनी जेवताना शादलियाला विचारलं, की हा मासा शरफियातलाच ना? शरफियातल्या माशाची चव वेगळी लागते, ते लगेच ओळखतात.

“शरफियातलाच,” शादलिया म्हणाली. “सकाळी चालत आला.”

पावसाळी ढग आले, शहिली थांबला, हंगाम उघडला. मेहरेजकडे ठशाचा कागद आला. त्याने तो काचेत घालून भिंतीवर लावला. वाचता येत होतं, पण वाचला नाही, ठसा बघितला. दुसऱ्या दिवशी बापलेकांनी होडीत नव्या झावळ्या भरल्या आणि शीड चढवून बाब गाठलं. चिखलातल्या सावकाश उपटू, असं अन्वर म्हणाला होता.

बाबवर हद्दीची पिवळी पिंपं तरंगत होती. पिंपांच्या आत पांढऱ्या होड्या उभ्या होत्या. डॉक्टर झुहैरच्या क्लबाची स्पर्धा होती. मेहरेजने तिकडे लक्ष दिलं नाही. तो कमरेइतक्या पाण्यात उतरला आणि पहार मारायला लागला. पाणी थंड होतं, तळ ओळखीचा होता. दुपारपर्यंत त्याने भिंतीचा पहिला पट्टा रोवला. अंगात इतकं बरं वाटलं की तो गुणगुणायला लागला.

गस्तीची होडी आली. तिच्यावर नाजी नावाचा शिपाई होता. दुसऱ्या बेटाचा, नवीन, कपड्यांची घडी अजून न मोडलेला.

“काका, इथे काय करता?”

“शरफिया लावतोय. माझी जागा आहे. नोंदलेली आहे, कागद घरी आहे.”

“जागेचं नाव?”

“बाब.”

नाजीने हातातल्या पडद्यावर बोट फिरवलं. मग त्याने मागे, गावाच्या दिशेने, जमिनीकडे हात केला. “बाब तिकडे आहे.”

“तिकडे तर चिखल आहे!”

“असेल. बाबही तिकडेच आहे. इथे विरंगुळा क्षेत्र आहे.”

“अरे, मी उभा आहे ना बाबवर!”

“तुम्ही उभे आहात, काका,” नाजी शांतपणे म्हणाला, “पण नोंदलेले तिकडे आहात.”

अन्वरने होडीतून सी लसादना फोन लावला. सी लसादचा आवाज पाण्यावर सगळ्यांना ऐकू गेला. “जागा दाखवली कुणी? मी का? ‘हीच’ म्हणालं कोण? चौघे साक्षीदार आहेत. आणि शासनाला खोटी जागा दाखवली असं म्हणायचं असेल तर सांगा. त्याचा वेगळा नियम आहे, तोही लावतो.”

अन्वरने फोन खिशात टाकला. “बा, ते म्हणतात—”

“ऐकलं.”

रोवलेल्या झावळ्या मेहरेजला स्वतःच उपटाव्या लागल्या. ताज्या रोवलेल्या झावळीला तळ धरून ठेवतो. खांद्याला लावून, गुडघे वाकवून, श्वास कोंडून ती काढावी लागते. तो एकेक काढत होता आणि नाजी मोजल्यासारखं बघत होता. पलीकडच्या होडीत डॉक्टर झुहैरना मोठा मासा लागला. टाळ्या झाल्या. डॉक्टरांनी माशाला छातीशी धरलं, फोटो निघाला, फोटोसाठी त्यांनी त्याचा मुका घेतला, आणि त्याला पाण्यात सोडून दिलं. मासा पोट वर करून मेहरेजच्या अंगावरून वाहत गेला. मेहरेजने त्याला हात लावला नाही. हौशी क्षेत्रात धंदेवाइकाने मासा उचलला तर दंड होता, आणि नाजी बघत होता.

मग चिखलातली शरफिया होती तशीच राहिली. भरतीला तिच्यात घोट्याच्या वर पाणी चढायचं आणि उतरायचं. टोपलीत कधी शेवाळ यायचं, कधी बाटली, कधी एखादा निळा खेकडा, तोही बहुतेक चुकलेला. मेहरेज रोज सकाळी टोपली उचलायला जायचा. शेवाळ झटकायचा, टोपली परत लावायचा. घरी जवाच्या भाकरीबरोबर हारिसा, म्हणजे लाल मिरचीचा ठेचा, आणि तेल असायचं. शादलियाच्या तिसऱ्या विकून येईल त्यावर घर चाललं होतं, आणि ते कुणी बोलून दाखवत नव्हतं.

एक दिवस नाजी मोटरसायकलवरून काठावर आला आणि त्याने बायकांना चिखलातून वर बोलावलं. नोंदलेल्या शरफियाच्या आसपास मालकाच्या लेखी संमतीवाचून कुणी काही काढायचं नाही, असा नियम होता. तो त्याने वाचून दाखवला. आसपास म्हणजे किती, ते त्याने पावलं टाकून दाखवलं. त्यात सगळा चिखल आला.

“हा चिखल मेहरेजचा?” मनूबियाने विचारलं.

“हे बाब आहे,” नाजी म्हणाला.

बायका मेहरेजकडे आल्या. तो अंगणात उलट्या खोक्यावर बसला होता. बायका हात पुसत, फडकी सोडून, ओळीने उभ्या राहिल्या. मनूबियाने आवाज मऊ करायचा प्रयत्न केला. तो तिला नवीन होता.

“सी मेहरेज,” ती म्हणाली. “एक सही कर. ‘माझी काही हरकत नाही’, एवढं लिही. आम्ही तुझ्या झावळ्यांना हात लावणार नाही.”

सी मेहरेज. आजवर त्याला कुणी सी म्हटलं नव्हतं. अनेक दिवसांत त्याच्याकडून कुणाला काही हवं आहे असंही झालं नव्हतं. त्याने पाठ सरळ केली. खोक्यावर पाठ सरळ करणं अवघड असतं, तरी केली.

“बघावं लागेल,” तो म्हणाला.

“काय बघावं लागेल?”

“शरफियाला धक्का लागतो. मासा बिचकतो.”

“कुठला मासा?” मनूबियाचा आवाज मूळपदावर आला.

“येईल.”

“मेहरेज, तिथे मासा यायचा तर त्याला पाय फुटायला हवेत!”

“अर्ज द्या,” मेहरेज म्हणाला. “प्रत्येकीचा वेगळा. मग सांगतो.”

अन्वर खूश झाला. “बा, आता बरोबर बोललास. हक्क म्हणजे हक्क. समुद्रातला असो की चिखलातला.”

बायका गेल्या. शादलिया आतून आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली.

“माझाही अर्ज लागेल का?”

“तुझी गोष्ट वेगळी आहे.”

“वेगळी कशी? मीही तिथलीच. माझ्याही बादलीला धक्का लागतो.”

“शादलिया, माझ्याकडून बाब घेतलं. सगळ्यांनी मिळून घेतलं. आता उरलंय तेवढं तरी—”

“उरलंय काय? शेवाळ?” ती म्हणाली. “त्या दातवाल्यापुढे तुझे डोळे भरून आले. त्या पोरगेल्या शिपायापुढे मुकाट झावळ्या उपटल्यास. आणि मनूबियाला म्हणतोस, अर्ज दे. शूर आहेस. बायकांच्या चिखलात बुडालेला शूर.”

“मी नोंदलेला मालक आहे.”

“हो. भिंतीवर आहेस. काचेत.”

त्यानंतर तो रोज खोकं उचलून काठावर न्यायचा आणि शरफियाकडे तोंड करून बसायचा. बायका दूर बांधावर बसायच्या, बादल्या पालथ्या घालून. दोन्ही बाजूंना काम नव्हतं. मध्ये चिखल उघडा पडायचा, तिसऱ्या आपापल्या भोकांतून पिचकाऱ्या मारायच्या, पाणी यायचं, झाकायचं. कुणी वाट चुकून जवळून गेली तर मेहरेज हात वर करायचा. कुत्रं गेलं तरी करायचा.

एका मोठ्या ओहोटीला, वारा पडलेला असताना, बायका बांधावरून उठल्या. तोंडाला फडकी, वर टोप्या, अंगात कोट. त्या सरळ शरफियात शिरल्या. विळे कुणाच्याच हातात नव्हते. त्यांनी पहिली झावळी धरली आणि हलवली.

“ए!” मेहरेज खोक्यावरून उठला. “हात लावू नका!”

कुणी वर बघितलं नाही. झावळ्या त्यांना पुरुषांसारख्या उपटता येत नव्हत्या. त्या दोघी-दोघी मिळून डाव्या-उजव्या हलवायच्या, चिखल सैल करायच्या आणि मग बसकण मारून ओढायच्या. झावळी सुटली की दोघी मागे पडायच्या, चिखलात, आणि उठायच्या. मेहरेज काठावरून ओरडत राहिला. आधी त्याने नियम सांगितला, मग शिव्या दिल्या, मग नुसताच ओरडला. चिखलात उतरून थांबवायला तो गेला नाही. आपण लावलेली भिंत किती नीट लागली होती, ते त्याला त्या उपटताना बघून कळत होतं.

अन्वर धावत जाऊन नाजीला घेऊन आला. तोवर भिंत संपली होती. बायकांनी झावळ्यांचे भारे बांधले होते. भट्टीला जळण म्हणून त्या चांगल्या होत्या.

नाजी मेहरेजजवळ आला. त्याने हळू आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “काका, मला इथली माणसं माहीत नाहीत, आणि ह्यांची तोंडं बांधलेली आहेत. तुम्ही नावं द्या. नावं दिलीत तर खातं ह्यांना पकडेल, झावळ्या पुन्हा रोवून देईल आणि जागा तुमची राहील. नाही दिलीत तर शरफिया तुम्हीच सोडून दिली असं लिहावं लागेल. मग बाब नाही, काहीच नाही. नीट बघा. कुणाला ओळखता?”

“बा, सांग की,” अन्वर म्हणाला. “ती बुटकी मनूबिया—” आणि मग त्याची नजर दुसऱ्या एका कोटावर गेली.

मेहरेजने बघितलं. ओळीत पुढे उभी होती तिच्या अंगात त्याचाच कोट होता. कोपरावरचं ठिगळ त्याच्या आईने लावलेलं. फडक्याच्या वर दोन डोळे होते. त्या डोळ्यांनी त्याला लग्नापासून आजवर जसं बघितलं होतं तसंच ते आताही बघत होते. त्यांत विनंती नव्हती. तशी कधीच नसायची.

ओहोटी फिरली होती. पाणी चिखलावर पातळ सरकत येत होतं.

“नाही,” मेहरेज म्हणाला.

“नाही म्हणजे?”

“कुणाला ओळखत नाही.”

“एकीलाही?”

“अनोळखी बायका आहेत. कुठून आल्या कोण जाणे.”

“मग सोडून दिली, असं लिहू?”

“लिही.”

नाजीने लिहिलं. मोटरसायकल सुरू झाली आणि बांधावरून गेली. अन्वर खोकं तिथेच टाकून घराकडे निघाला. वाटेत त्याने फोन काढला.

ओळीत पुढची होती तिने आपला भारा उचलून बघितला आणि खाली टाकला.

“ओ अनोळखी,” ती म्हणाली, “ओझं जड आहे. हात लावता का जरा?”

मेहरेजने काठावर बूट काढले, विजार दुमडली आणि चिखलात उतरला. भारा तिच्या डोक्यावर चढवायला म्हणून त्याने उचलला, आणि आपल्याच डोक्यावर ठेवला. पाणी घोट्याला लागलं होतं. तो चालायला लागला.

“जपून,” मनूबिया मागून म्हणाली. “बुडशील.”